‘किरकोळ’ खात्यातला प्रवास

ज्या घरी हिशेबाची वही ठेवतात त्या घरातल्या गृहिणीनं ती जरा उघडून पाहावी. दूध, वाणसामान, भाजी, लाइटबिल, मुलांची फी, कामवाल्या बाईंचा पगार, सगळं आपापल्या रकान्यात नीट मांडलेलं असतं. यजमानांच्या गाडीचं पेट्रोलही वेगळं लिहिलेलं असतं, कारण ते ‘ऑफिसला जाण्याचं’. आणि आपलं जाणं-येणं? मुलाला शाळेत सोडायला केलेली रिक्षा, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तो खर्च, मंडईतून परत येतानाचं बसचं तिकीट, हे सारं शेवटी ‘किरकोळ’ नावाच्या खात्यात जातं. महिनाअखेर बेरीज झाली की मात्र ‘हे एवढं किरकोळ कसलं?’ हा प्रश्न सगळ्यांत आधी त्याच खात्याला विचारला जातो!

शहराची वहीसुद्धा अशीच लिहिली जाते, असं सांगितलं तर खरं वाटेल का? वाहतुकीचे आराखडे करणारी मंडळी चांगली शिकलेली असतात, त्यांचा हेतूही वाईट नसतो. पण मोजायचं काय हे एकदा ठरलं, की पुढचं सगळं त्याच वाटेनं जातं. सकाळची आणि संध्याकाळची गर्दीची वेळ, घर ते ऑफिस हा प्रवास, आणि चौकातून तासाला किती वाहनं गेली याची मोजणी. २०११ च्या जनगणनेत लोकांना विचारलं होतं, की कामाचं ठिकाण किती लांब आहे आणि तिथं कशानं जाता. प्रश्न चांगलाच होता. पण तो नोकरी-धंद्याला जाणाऱ्यांसाठी. घर सांभाळणारी बाई जनगणनेच्या भाषेत ‘काम न करणारी’; तेव्हा ती कामाला कशानं जाते, हे तिला विचारण्याचा प्रश्नच आला नाही. तिचं दिवसभराचं चालणं, चढणं-उतरणं, पिशव्या वाहणं कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

आता आपल्यातल्याच एकीचा दिवस घेऊ. ती पुण्यात कर्वेनगरला राहते आणि नारायण पेठेत नोकरी करते. सकाळी पोराला बखोटीला धरून पाळणाघरात सोडते, तिथून बसस्टॉपवर येते, बसनं डेक्कनला उतरते, पूल ओलांडून ऑफिसात जाते. संध्याकाळी ऑफिसातून चालत मंडई, मंडईतून दोन पिशव्या घेऊन पुन्हा बस, घराच्या अलीकडच्या स्टॉपवर उतरून सासऱ्यांची ब्लडप्रेशरची गोळी, मग पाळणाघर, मग घर. मोजून पाहा, नऊ टप्पे झाले. त्यातले दोनच बसचे, बाकीचे सात पायी. यजमानांचे टप्पे दोन. घरातून मोटारसायकलवर बसले ते हिंजवडीला उतरले, तिथं बसले ते घरी उतरले.

हा नुसता आमचा तर्क नाही. ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना. तिथल्या महापालिकेनं १९९९ साली नागरिकांना एक साधा कागद दिला, की रोज कुठं जाता, कशानं जाता, ते लिहा. पुरुषांचं लिहून पाच मिनिटांत झालं, कारण सकाळी कामावर आणि संध्याकाळी घरी एवढंच लिहायचं होतं. बायकांचं लिहिणं काही संपेना! मुलाला शाळेत, मग बाजारात, मग आईला डॉक्टरकडे, असं पानभर. तिथल्या नगररचना खात्यात एव्हा काइल नावाच्या बाई होत्या. बायकांच्या डोळ्यांनी शहर पाहायचं हा विषय त्यांनी १९९० नंतरची कितीतरी वर्षं चिकाटीनं लावून धरला. मारियाहिल्फ नावाच्या भागात मग पदपथ रुंद झाले, काळोख्या जागी दिवे आले, पायऱ्यांच्या शेजारी बाबागाडी ढकलता येईल असे उतार झाले, टेकायला बाकं आली. पाहा बरं, यातली एकतरी गोष्ट उड्डाणपुलाइतकी महाग आहे का?

तुम्ही म्हणाल, व्हिएन्ना कुठं आणि आपलं पुणं कुठं! तर पुण्याचंच बोलू.

पुणं म्हणजे सायकलींचं शहर, ही ओळख आज फक्त आजीआजोबांच्या गप्पांत उरली आहे. कॉलेजच्या मुली, नर्सबाई, शाळेतल्या शिक्षिका पदर खोचून सायकलवर जात, त्याचं कुणाला नवल वाटत नसे. १९७२ साली लुना आली, १९८४ साली बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली, आणि पुण्यातल्या बायकांना पंख फुटले. हे मी थट्टेनं म्हणत नाही. ‘मला तिथं सोडता का?’ हा प्रश्न घरोघरचा बंद झाला, ही काही लहान गोष्ट नव्हे. आज चेहऱ्याला ओढणी घट्ट गुंडाळून स्कूटरवर जाणारी पुण्याची पोरगी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिला ‘प्रदूषण करू नकोस, बसनं जा’ असा उपदेश करण्यात अर्थ नाही. बसनं जे द्यायला हवं होतं ते तिला स्कूटरनं दिलं, म्हणून ती स्कूटरवर बसली.

पण प्रत्येकीनं, प्रत्येकानं असाच मार्ग काढला तर काय होतं तेही पुण्यानं पाहिलं. मार्च २०१८ मध्ये शहरातल्या नोंदलेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या वर गेला. शहराची लोकसंख्या तेव्हा अंदाजे ३५ लाख धरली जात होती. म्हणजे पाळण्यातल्या तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या पणजीपर्यंत माणशी एक वाहन, आणि वर आणखी शिल्लक!

ही वाहनं चालतात तेव्हा धूर सोडतात ते दिसतं. थांबतात तेव्हा काय करतात, तिकडे आपलं लक्ष नसतं. एक मोटार नुसती उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. दहा बाय बाराची खोली १२० चौरस फुटांची. अशा एका खोलीत आपल्याकडे अख्खा संसार उभा राहिलेला आहे, पाहुणेरावळे झाले आहेत, पोरं शिकून मोठी झाली आहेत. त्याहून मोठी जागा एक मोटार रस्त्याच्या कडेला धरून बसते, तीही बहुतेक वेळा फुकट. विजेच्या गाड्या आल्या आहेत, धूर कमी होईल, चांगलंच आहे. जागा मात्र त्याही तेवढीच खातात. बिनधुराची कोंडी ही शेवटी कोंडीच.

आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांचं काय? चार घरची धुणीभांडी करणारी बाई एका सोसायटीतून दुसऱ्या सोसायटीत चालतच जाते. घराच्या किमती वाढल्या तशी तिची वस्ती लांब गेली, कामाची घरं मात्र होती तिथंच राहिली. रोज बसला जाऊन-येऊन पैसे घालवायचे की तेवढ्या वेळात आणखी एक घर धरायचं, हा हिशेब ती आपल्यापेक्षा चोख करते. गुडघे दुखणाऱ्या आजी, गाडी चालवायला भिणारी एखादी काकू, सोळा-सतरा वर्षांची मुलगी, यांनाही दुसऱ्याच्या सवडीनं नाहीतर पायीच जावं लागतं.

मुलींच्या बाबतीत तर गोष्ट नुसत्या गैरसोयीपाशी थांबत नाही. गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दिल्ली विद्यापीठातल्या मुलामुलींचा अभ्यास केला. बारावीला मिळालेले मार्क, हाताशी असलेली कॉलेजं आणि घरापासून त्या कॉलेजापर्यंतचा रस्ता, अशी तुलना केली. त्यात असं दिसलं, की चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळत असतानाही मुली कमी प्रतीचं कॉलेज निवडतात, कारण तिकडे जाण्याचा रस्ता त्यांना जास्त सुरक्षित वाटतो. प्रवासासाठी जास्त पैसे मोजायलाही त्या तयार होतात. मुलांच्या बाबतीत हे इतक्या प्रमाणात दिसत नाही. वाचताना मला आपल्याकडची किती घरं आठवली! ‘मार्क आहेत गं, पण तिकडून संध्याकाळी येणार कशी?’ हे वाक्य न ऐकलेली आई विरळाच. पोरीच्या पुढच्या चाळीस वर्षांचा निकाल एका काळोख्या बसस्टॉपनं लागतो आणि त्या स्टॉपवर दिवा लावायला कुणाला पाच वर्षं सुचत नाही.

मुंबईच्या वाचकभगिनी म्हणतील, आमच्याकडे लेडीज डबा आहे. खरंच आहे, आणि तो नुसता डबा नाही, तिथं भाजी निवडली जाते, केळवणं होतात, भांडणंही होतात. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरीवली अशी सबंध गाडीच बायकांसाठी सुटली. पुण्यातही ८ मार्च २०१८ पासून ‘तेजस्विनी’ नावाच्या खास बायकांच्या बस सुरू झाल्या. या सोयी हव्यातच. पण डब्यातून उतरल्यावर स्टेशन ते घर हा जो वीस मिनिटांचा रस्ता असतो, तो लेडीज आणि जेंट्स असा वाटून देता येत नाही. तो सगळ्यांसाठीच नीट करावा लागतो.

बसचंही असंच. सरकारी निकष सांगतात, की दर लाख लोकांमागे साधारण साठ बसगाड्या असल्या म्हणजे सेवा उत्तम म्हणावी. २०११ च्या जनगणनेत पुणे शहर ३१ लाखांवर आणि पिंपरी-चिंचवड १७ लाखांवर होतं. एवढ्या लोकांना तेव्हाच्याच हिशेबानं २,९०० च्या आसपास गाड्या हव्या होत्या. दोन्ही शहरांच्या बससेवा २००७ साली एक होऊन पीएमपीएमएल झाली. त्यानंतर लोकसंख्या कितीतरी वाढली, उपनगरं पसरली, तरी गाड्यांचा आकडा दोन हजारांच्या आसपासच घुटमळत राहिला. त्यातल्या रोज रस्त्यावर येणाऱ्या त्याहून कमी. २०१९ पासून विजेच्या बस आल्या, त्या थंड आहेत, आवाज करत नाहीत, बसायला छान वाटतं. पण स्टॉपवर चाळीस मिनिटं उभ्या राहिलेल्या बाईला गाडी विजेची आहे की डिझेलची याचं सोयरसुतक नसतं. ती कधी येणार, एवढंच तिला हवं असतं.

तिकिटाची सवलत द्यावी की बसेस वाढवाव्यात, यावर अलीकडे बरेच वाद होतात. दिल्लीनं २०१९ मध्ये आणि कर्नाटकानं २०२३ मध्ये बायकांना बस मोफत केली. आपल्या एसटीनं १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट केलं. एसटीत त्यानंतर बायकांची गर्दी किती वाढली ते कुठल्याही स्टँडवर जाऊन पाहा. माहेरी जाणं, देवदर्शन, दवाखाना, जी कामं ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून पडून होती ती निघाली. तेव्हा सवलतीला फुकटेपणा म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. फक्त शहरात सवलतीच्या आधी बस हवी. न येणाऱ्या बसचं अर्धं तिकीट किती, हे गणित मला सोडवता येत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जी पुरुषमंडळींच्या सहसा ध्यानात येत नाही. ती म्हणजे बसची पायरी. शहरातल्या बसच्या मजल्याची जमिनीपासून उंची ४०० मिलिमीटर, ६५० किंवा ९०० अशी असते. ४०० म्हणजे सोळा इंच आणि ९०० म्हणजे जवळजवळ तीन फूट, आपल्या ओट्याच्या उंचीची. एका हातात पोर, दुसऱ्या हातात पिशवी, त्यात साडीच्या निऱ्या, आणि मागून ‘चला, चला लवकर’ म्हणणारा कंडक्टर. ओट्यावर चढायला जेवढा खटाटोप तेवढाच इथं! म्हातारी माणसं बस सोडतात ती पुष्कळदा या पायऱ्यांच्या भीतीनं.

पुण्यानं यावर मार्ग काढायचा प्रयत्न केला होता, तोही सगळ्या देशाच्या आधी. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात एक मोलाचं तत्त्व सांगितलं होतं, की रस्त्यावरून माणसं नेण्याचा विचार करा, वाहनं नेण्याचा नव्हे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका सुरू झाली, तिला बीआरटी म्हणतात. कल्पना ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरानं १९७४ पासून वापरून सिद्ध केलेली. अमेरिकेतल्या शहरी वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेचं एक कोष्टक आहे, त्यात रस्त्याच्या एका पट्टीतून खासगी मोटारींनी तासाला फार तर ६०० ते १,६०० माणसं जातात असं दिलं आहे. तीच पट्टी बसला राखून दिली तर ४,००० ते ८,००० जातात. म्हणजे रस्ता एक इंचही रुंद न करता.

मग पुण्यात ती रुजली का नाही? कारणं अनेक सांगतात. दुचाक्या सर्रास मार्गिकेत शिरत, बस पुरेशा नव्हत्या, देखरेख नव्हती. मला मात्र त्यातलं एक फार मोठं वाटतं. थांबे होते रस्त्याच्या मधोमध. तिथं पोचायचं तर दोन्ही बाजूंनी धावणाऱ्या गाड्यांतून जीव मुठीत धरून पलीकडे जायचं. बसचा रस्ता आखला, पण बसपर्यंत जाणाऱ्या बाईचा रस्ता आखायचा राहिला. अहमदाबादनं २००९ मध्ये हीच योजना केली तेव्हा बंदिस्त थांबे बांधले, तिकीट थांब्यावरच काढायची सोय केली, आणि थांब्याचा ओटा बसच्या मजल्याच्या उंचीचा ठेवला. पायरीच नाही, घरातून अंगणात जावं तसं आत जायचं. पुण्यातही २०१५ साली संगमवाडी-विश्रांतवाडी आणि सांगवी-किवळे या मार्गांवर अशी सुधारलेली बीआरटी आली. पुढं नगर रस्त्यावरची मार्गिका मात्र कोंडीचं कारण देऊन २०२३ पासून काढून टाकायला सुरुवात झाली. घरात पाणी कमी येतं म्हणून पिंपच फोडून टाकावं, तसा हा प्रकार!

मेट्रो आली ६ मार्च २०२२ ला, आधी वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी अशा दोन तुकड्यांत. २०२४ च्या सप्टेंबरअखेर ती जमिनीखालून स्वारगेटपर्यंत गेली. स्वच्छ आहे, वेळेवर येते, लिफ्ट आहेत, रात्रीही लख्ख उजेड असतो. कौतुक करावं तेवढं थोडं. पण लिफ्टनं खाली आलेल्या आजी पुढं जातात कशा, ते एकदा उभं राहून पाहावं. पदपथावर आधी स्कूटरींची रांग, मग विजेचा डीपी, मग फुटलेली फरशी, मग कुठल्याशा मंडळाचा फलक. आजी निमूटपणे रस्त्यावर उतरतात आणि गाड्यांच्या कडेकडेनं चालू लागतात.

पदपथ कसा असावा हे काही गुपित नाही. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था आहे. तिच्या मानकाप्रमाणे चालायला मोकळी जागा निदान १.८ मीटर हवी, म्हणजे दोन बाबागाड्या समोरासमोर आल्या तरी अडचण होऊ नये. उंची दीडशे मिलिमीटरहून जास्त नको, म्हणजे सहा इंच, आपल्या जिन्याच्या एका पायरीएवढी. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी पदपथ फूटभर उंच बांधतात, त्यावर चढायला आजींना कुणाचा तरी हात लागतो. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी वेगळं धोरणसुद्धा मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ त्यानंतर रुंद झाले. संध्याकाळी तिथं पोरं खेळतात, म्हातारी माणसं बाकांवर बसून गप्पा मारतात. ‘पार्किंग गेलं’ म्हणून कुरकुर करणारेही तिथं आइस्क्रीम खात हिंडताना दिसतात! लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ ला नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत वाहनं बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला आणि पुढंही होत राहिला. वर्षातून एक दिवस! मातृदिनाला आईला चहा करून द्यावा, तशातला प्रकार. पण चहा मिळाला हे काय कमी झालं, म्हणून मी जास्त बोलत नाही.

स्वच्छतागृहाबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. सकाळी घरातून निघताना पाणी न पिणाऱ्या बायका तुम्हाला-मला किती ठाऊक आहेत! लांबच्या प्रवासात ‘जायचं कुठं’ या धास्तीनं तहान मारायची, आणि मग लघवीची जळजळ, मूतखडा, डॉक्टरांच्या फेऱ्या. पुण्यात २०१६ मध्ये मोडीत निघालेल्या बसगाड्यांतून ‘ती’ नावाची बायकांची स्वच्छतागृहं सुरू झाली, त्यात तान्ह्या मुलाला पाजायलाही जागा होती. अशी कल्पना एखाद्या वास्तूच्या उद्‌घाटनापुरती राहू नये. प्रत्येक मोठ्या बस-स्थानकाच्या आराखड्यात ती पहिल्या पानावर असायला हवी. वाहतुकीचा आणि याचा काय संबंध, असं विचारणाऱ्याला एक दिवस पाणी न पिता स्वारगेटहून निगडीला जाऊन यायला सांगावं.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू, कारण नुसती गाऱ्हाणी सांगून पीठ दळून मिळत नाही. महाराष्ट्रात २०११ च्या कायद्यानं महापालिकांतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या. म्हणजे ऐकणारी खुर्चीवर आहे, सांगणारी हवी. शिवाय पुणे महापालिका २००६ पासून दरवर्षी नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेते. त्याचा अर्ज बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतो आणि क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. पदपथ, रस्त्यावरचे दिवे, बसथांबा, बाकडं अशी प्रभागातली लहान कामं त्यात सुचवता येतात. उड्डाणपूल मागता येत नाही, आणि आपल्याला तो नकोच आहे.

अर्जात ‘पदपथ खराब आहे, दुरुस्त करावा’ एवढंच लिहिलं तर तो इतर हजार अर्जांत हरवतो. मोजून लिहिलं तर त्याला वजन येतं. त्यासाठी शाळेच्या मुलांच्या उरलेल्या वहीतली पानं घ्या आणि आठ दिवस रोजचा प्रत्येक टप्पा लिहा. कुठून निघालात, कुठं गेलात, कशानं, किती मिनिटं लागली, किती पैसे पडले, हातात काय ओझं होतं, बरोबर कोण होतं. बसची वाट किती वेळ पाहिली ते वेगळं लिहा. पाच मिनिटांचं चालणंही सोडू नका. भिशीतल्या किंवा महिला मंडळातल्या दहाजणींनी असं लिहिलं, तर दहाजणींच्या टप्प्यांत तेच-तेच दोन-तीन चौक पुन्हा पुन्हा येतील. कामाची जागा आपोआप सापडली!

मग एका सकाळी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन तिथं जा. टेप साठ इंचांची असते आणि १.८ मीटर म्हणजे एकाहत्तर इंच, तेव्हा टेप पूर्ण ताणून पुढं अकरा इंच मोकळी जागा उरते का, ते पाहायचं. खांब, डीपी, झाडाचा कठडा असेल तर त्याच्या पुढच्या कडेपासून मोजायचं, भिंतीपासून नव्हे. इथंच सगळा फरक पडतो. उंची सहा इंचांहून जास्त भरली तर तीही लिहा. सिग्नलवर पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद राहतो ते घड्याळावर पाहा. दिव्याचा हिशेब करताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. म्हणजे अठरा मीटरचा रस्ता धडधाकट माणसाला पंधरा सेकंद. आजींना बरोबर न्या, त्यांना किती लागतात ते मोजा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. संध्याकाळी सातनंतर पुन्हा एक फेरी मारून कुठला दिवा लागत नाही त्या खांबाचा क्रमांक टिपून घ्या. क्रमांक खांबावर रंगवलेला असतो.

अर्ज मराठीत, सुवाच्य अक्षरात, एका पानाचा असावा. एका अर्जात एकच काम मागावं. सोबत जागेचा फोटो आणि दहाजणींच्या सह्या. क्षेत्रीय कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी शिक्का मिळेपर्यंत तिथंच बसा. जाताना पाण्याची बाटली आणि थोडं विणकाम बरोबर असू द्यावं. वेळ लागतो.